तिच्या बाजूला इंटरनेट

बायको जाऊन सात महिने झाले होते. गॅसच्या ऑफिसात कारकुनानं ईमेल विचारला, म्हणून मी पाकिटातली चिठ्ठी काढली आणि काढल्या काढल्या हात थांबला. हीच चिठ्ठी मी गोव्याच्या हॉस्पिटलात खिडकीवर दिली होती. म्हणजे तिच्या आजाराचा रिपोर्ट तिच्याच ईमेलवर गेला असणार.

कारकून म्हणाला, "काका, काय झालं?" मी म्हटलं, काय नाय. चिठ्ठी दिली, सही केली, बाहेर येऊन बाकावर बसलो.

आमच्या घरात ईमेल एकटा तिचाच. ती दहावी पास, मी चौथी. मी मालवण बंदरावर चाळीस वर्षं ट्रॉलरची इंजिनं उघडली आणि बंद केली. इंग्रजी अक्षरं मला येतात ती स्पेअर पार्टच्या नंबरांवरून. शब्द येत नाहीत. ती कोकमाचं आगळ आणि सोलं करायची, मुंबईची गिऱ्हाइकं तिला ईमेलवर कळवायची. मला कुठे लागला तर असावा म्हणून तिनं आपला ईमेल जाड कागदावर लिहून माझ्या पाकिटात ठेवला होता.

गोव्याला तिच्या पोटातला तुकडा काढून तपासायला दिला, तेव्हा खिडकीवरच्या मुलीनं ईमेल विचारला. मी काही विचार न करता कागद पुढे केला. आठ दिवसांनी डॉक्टरांनी मला आणि माझ्या मुलीला आत बोलावलं. बायको बाहेर बाकावर पिशवी धरून बसली होती. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, पसरलाय, चार-सहा महिने धरा. मुलगी रडायला लागली. मी तिला म्हटलं, तोंड धू, आणि आवशीक एक अक्षर बोलशीत तर बघ.

बाहेर येऊन मी बायकोला सांगितलं, "अल्सर आसा. तिखट बंद."

ती म्हणाली, "मालवणात ऱ्हवान तिखट बंद? त्यापरास मेलेला बरा."

मुलगी तोंड फिरवून हसली की रडली, मला कळलं नाही.

त्यानंतर ती पाच महिने जगली. मी रोज खोटं बोललो. उतार पडतोय म्हटलं, गोळ्या गरम आहेत म्हणून अंग उतरतंय म्हटलं. मला वाटायचं, माझं काम चोख आहे. आणि आता गॅसच्या ऑफिसाबाहेर बसून कळलं की सगळं खरं लिहिलेला कागद पहिल्यापासून तिच्या कॉम्प्युटरात येऊन पडला होता. तिनं तो वाचला होता का? वाचला असेल, तर पाच महिने ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी सोंग काढत होतो.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. शिमग्याच्या आधी ती म्हणाली होती, "माका आठ दिस आचऱ्याक सोडा. बायकडे." बाय म्हणजे तिची थोरली बहीण, आचरा गावात असते. तिचं कमरेचं हाड मोडलेलं, खाटेवरून उठत नाही. मी नाही म्हटलं. रस्ता खराब आहे, गचके बसतील म्हटलं. ते कारण नव्हतं. बाय तोंडाची फटकळ. हिची दशा बघितल्यावर ती गप्प बसली नसती.

मी म्हटलं, "बरी झालंस की म्हयनोभर जा."

ती म्हणाली, "बरा." परत तिनं विषय काढला नाही.

ते 'बरा' मी किती वेळा मनात ऐकलं असेल. सगळं कळलेलं माणूस तसं म्हणेल, आणि काही न कळलेलं माणूसही तसंच म्हणेल.

कॉम्प्युटर मुलीनं पुण्याहून आणून दिलेला, जुना. त्यात दोन संसार. चालू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, वरची विंडोजची, खालची लिनक्सची. विंडोज फार रेंगाळतं म्हणून मुलीनं आईला लिनक्स घालून दिलं. बायको कायम खालच्या ओळीत जायची. ईमेलचा पासवर्ड तिलाच ठाऊक होता आणि तो तिच्याबरोबर गेला. पण तिच्या बाजूला तिचा ईमेल आपसूक उघडतो, पासवर्ड मागत नाही, एवढं मी बघितलं होतं. आणखी एक बघितलं होतं. कोणता वाचला, कोणता राहिला, हे तुला कसं कळतं, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "जाड अक्षरां ती वाचूची ऱ्हवली. बारीक ती वाचलेली."

म्हणजे मला फक्त त्या बाजूला जाऊन एक ओळ जाड आहे की बारीक ते बघायचं होतं.

पण तिच्या बाजूला इंटरनेट नव्हतं. पूर्वी वायर लावायची. खाऱ्या हवेनं वायरीच्या भोकातल्या पिना हिरव्या पडल्या, आणि ती गेल्यावर महिन्याभरात ते बंद झालं. मुलगी दिवाळीला आली तेव्हा तिनं अंगठ्याएवढा एक वायफायचा तुकडा आणला आणि यूएसबीत खोचला. विंडोजच्या बाजूला तो लगेच चालू झाला. लिनक्सच्या बाजूला नाही. तेव्हा कोणाला गरज नव्हती.

रविवारी दुपारी मुलीला फोन केला. माझा फोन बटणांचा, स्पीकर लावून टेबलावर ठेवला.

"बाबानू, तुमका लिनक्समधे कशाक जावचा आसा? विंडोजवर सगळा चलता मा?"

"माका थंयच व्हया."

"काय आसा थंय?"

"तुका काय करूचा आसा? जमता काय नाय ता सांग."

मग म्हणाली, विंडोज लावा. मी लावलं. ती पुण्यात बसून माझ्या पडद्यावरचा बाण फिरवायला लागली. दुसरं कोणी नसलेल्या घरात बाण आपोआप फिरताना बघून बरं वाटलं नाही. तिनं वायफाय चालवायची एक फाइल उतरवून दुसऱ्या डिस्कवर ठेवली. म्हणाली, आता खालच्या ओळीत जावा, थंय माका दिसूचा नाय, तुमीच माझे डोळे.

मी बंद करून चालू केलं, खालच्या ओळीत गेलो. डिस्क उघडेना.

"बंद कसो केलास?"

"शटडाउन दाबून. आणखी कसो करतत?"

"थंयच चुकलास. शटडाउनान विंडोज पुरा बंद होणा नाय. डोळे मिटून पडता, आणि डिस्क हातात धरून ऱ्हवता. परत विंडोजात जावा आणि रिस्टार्ट करा."

मी चाळीस वर्षं इंजिनं बंद केली. बंद म्हणजे बंद. पण तिनं सांगितलं तसं केलं आणि डिस्क उघडली.

मग हुकूम लिहायची काळी खिडकी. ती एकेक अक्षर सांगणार, मी आधी वहीत उतरवणार, मग बघून बोटानं दाबणार. पार्ट नंबर लिहितो तसंच. एक अक्षर चुकलं की पंप बसत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. लिनक्सचा पासवर्ड मुलीनंच ठेवलेला, तो तिनं सांगितला. मी दाबत राहिलो, पडद्यावर काही उमटेना.

"कीबोर्ड मेलो."

"मरूक नाय. पासवर्ड उमटतच नाय थंय. दाबा आणि एंटर मारा."

मारलं. ओळी धडाधड वर गेल्या आणि थांबल्या. फाइल बसली म्हणाली. पण तुकड्यावरचा दिवा लागला नाही, वायफायच्या खुणेवर फुलीच.

तिनं आणखी एक ओळ लिहायला लावली आणि जे आलं ते मला वाचायला सांगितलं. मी अक्षरं वाचत गेलो, ती ऐकत गेली. मधेच हसली.

"बाबानू, तो तुकडो वायफाय म्हणान हजरच होणा नाय. आपण सीडी आसंय म्हणान सांगता."

"सीडी?"

"तेच्या पोटात विंडोजसाठी सामान भरलेला आसा. आधी सीडीचा रूप घेता. विंडोज सामान काढून घेता, मग तो वायफाय होता. लिनक्सात तेका कोणी भायर ये म्हणूक नाय. आता आपण सीडी काढूची."

"लबाड मेलो."

तिनं सांगितलेली ओळ मी दाबली, शेवटी शून्य. कॉम्प्युटरच्या पुढचा ट्रे सर्रकन बाहेर आला. मी खुर्चीसकट मागे सरलो.

"अगो, ह्यो खरो ट्रे भायर इलो!"

"आत घाला तेका. शून्याच्या जाग्यार एक लिवा."

एक लिहिला. पाच-सहा सेकंद काही नाही. मग तुकड्यात निळा दिवा लागला, लुकलुकला, आणि पडद्यावर नावांची यादी आली. आमचं एक, शेजारच्यांची दोन. आमच्यावर दाबून भिंतीवरच्या वायफायच्या डब्याचा नंबर घातला. फुली गेली.

"झाला," मी म्हटलं.

"थांबा, ठेवू नको. ता दरवेळेक करूचा लागात. आपसूक होवक एक ओळ घालूची आसा."

"नको. माका एकदाच व्हया."

मी फोन बंद केला.

तिचा ईमेल उघडला, जसा उघडायचा तसाच. वर सगळं जाड, ती गेल्यानंतर येऊन साठलेलं. जाहिराती, बँक, परत जाहिराती. खाली जात राहिलो. मग जाड संपलं, बारीक सुरू झालं. तिचे शेवटचे महिने. मुलीनं पाठवलेले फोटो, बारीक. गिऱ्हाइकं, बारीक. आणखी खाली. गोव्याचा तो आठवडा आला. वर बारीक, खाली बारीक, आणि मधे एक ओळ जाड. हॉस्पिटलच्या कागदावर असतं तेच नाव. मी कागद कपाटातून आणून अक्षर अक्षर जुळवलं.

तिनं उघडला नव्हता.

का नाही उघडला, तेही कळलं. मुलीनंच तिला दम भरलेला, इंग्रजी अनोळखी मेल आला तर हात लावायचा नाही, फसवणूक असते. ती सांगितलेलं ऐकणारी. ती ओळ सोडून पुढे गेली.

तरी खात्री म्हणून तिनं पाठवलेले मेल बघितले. जाण्याच्या पंधरा दिवस आधीचा एक, मुंबईच्या बाईला. मराठीत होता म्हणून मला वाचता आला. "यंदा आजारपणामुळे आगळ कमी केले. राग मानू नये. पुढच्या मे महिन्यात दोन बाटल्या जास्त देईन."

मला वाटलं होतं, जाड ओळ निघाली तर सुटलो. सोंग उघडं पडलं नाही, ती सुखानं गेली. पण तो आगळाचा मेल मी परत एकदा वाचला. मला खरं काय हवं होतं ते तेव्हा कळलं. तिला ठाऊक असायला हवं होतं. तिनं वाचलं असतं, तर ते 'बरा' तिचं स्वतःचं असतं. आचऱ्याला नाही गेले तर नाही, असं तिनं ठरवलं असतं. तसं नव्हतं. ती खरोखर बरी व्हायची वाट बघत होती. कळलं असतं तर ती रांगत आचऱ्याला गेली असती. आणि जाऊ दिलं नाही ते मी.

त्या ओळीवर मी दाबलं नाही.

मुलीला परत फोन लावला. "तुझ्या आवशीक म्हायत नव्हता," म्हटलं, आणि काय केलं ते सगळं सांगितलं.

ती रडली. मग म्हणाली, "मगे बराच झाला मा, बाबानू? भियान तरी गेली नाय."

"बरा झाला, पण कोणाचा? तिचा काय माझा?"

फोन ठेवला, कॉम्प्युटर बंद केला.

सोमवारी सकाळच्या एसटीनं आचऱ्याला गेलो. क्रियाकर्म झाल्यापासून तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. बाय मागच्या खोलीत खिडकीजवळ खाटेवर. मला बघून म्हणाली, "इलास? सात म्हयन्यांनी वाट गावली?"

"गावली," म्हटलं. स्टुलावर बसलो. पाणी पण घेतलं नाही. म्हटलं, घेतलं तर बोलणं राहील.

"बाय, शिमग्याआधी ती तुमच्याकडे आठ दिस येवक बघी होती. मी येवक दिलंय नाय."

"माका म्हायत आसा. फोनार बोलली. बरी झाल्यार म्हयनोभर येतंय म्हणाली."

"ती बरी होवची नव्हती. तिका म्हायत नव्हता. माका होता."

बायनं मान वळवली. "कधीपासून?"

"पयल्यापासून."

"आणि माका एक फोन करूक जमलो नाय? माझी कंबर मोडली, कान मोडूक नाय. टेम्पोत घालतास तर मी खाटीसकट इलंय असतंय."

"तुमी बघून बोललां असतां. तिका कळला असता."

"कळूकच व्हया होता!" ती ओरडली. तिची सून आतून धावत आली, दारातच थांबली. "मराण तिचा होता काय तुमचा? ती येवन माझ्याकडे रडली असती. मी रडलंय असतंय. तितका तरी होवचा होता."

बायनं भिंतीकडे तोंड केलं.

"आता जावा. परवा येवा. आज माका तुमचा तोंड नको."

परवा गेलो. ती भिंतीकडेच तोंड करून होती. सुनेनं चहा ठेवला, तो निवला. मग भिंतीकडूनच आवाज आला.

"सगळा सांगा. गोव्याक नेलास थंयसून. काय लपवू नको."

मी स्टूल खाटेजवळ ओढलं आणि सांगायला लागलो.