नंदाच्या पुस्तकांत मी का नाही

अडीचची शेगाव गाडी जळगाव जामोदच्या स्टँडवर लागली तशी आईनं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, मला वर चढवलं आणि खाली उभं राहून शेवटचं शहाणपण सांगितलं, "तिकडं आपल्यासारखं बोलू नको. लोकं हासतीन." शेगावला उतरून पुण्याची रेल्वे पकडायची होती. बारावी झाली होती, पुण्यात लॅबोरेटरीच्या डिप्लोमाला नंबर लागला होता आणि पिशवीत महिनाभर पुरतील एवढ्या शेवया होत्या. नंदा उशिरा आली. पहिलीपासून एका बाकावर बसलेली माझी मैत्रीण, पण खिडकीपाशी यायचं सोडून रसवंतीच्या सावलीत उभी राहिली. ती रडली की आपणही रडायचं असं मी ठरवून ठेवलं होतं. बाईसाहेब मात्र कंडक्टरच्या हातातल्या पंचकडे बघत होत्या, आईच्या चपलेच्या तुटक्या अंगठ्याला लावलेल्या सेफ्टी पिनेकडे बघत होत्या, केळी विकणाऱ्या म्हातारीकडे बघत होत्या. मला सोडून सगळीकडे. गाडी निघाली आणि माझं रडायचं राहूनच गेलं.

आज त्याच नंदाची ओळख करून द्यायची कामगिरी माझ्यावर आली आहे. आमच्या पुण्याच्या सोसायटीत शाळकरी मुलींचा एक वाचनगट आहे. दर महिन्याला त्या एका आवडत्या लेखकाची ओळख लिहून घेतात आणि लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावतात. या खेपेला नंदाचं नाव निघालं आणि माझी मुक्ता, जी आता नववीत आहे, हात वर करून म्हणाली, "माझी आई तिच्या गावची आहे, ती लिहील." मी एक सभ्य पान लिहिलं होतं. त्यात 'तरल' होतं, 'संवेदनशील' होतं, मातीशी नाळ वगैरेही होती. वाचून माझं मलाच हसू आलं आणि मी ते फाडलं. हे दुसरं पान आहे, आणि हे काही बोर्डावर लागायचं नाही. हे तुमच्यासाठी आहे, म्हणजे तिकडे राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं बोचकं उचलून निघून आलेल्यांसाठी. तुम्हाला तरी खरं सांगते. मी नंदावर जळते.

ज्यांनी तिला वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नंदा बाजारात पिको-फॉल आणि ब्लाऊज शिवायचं दुकान चालवते आणि वयात येणाऱ्या मुलामुलींच्या प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिते. आजवर सात झाल्या. तिच्या पुस्तकांत कुणी कुणाला गुलाब देत नाही. 'अर्ध्या सुटीचं पाणी' या पुस्तकात एक मुलगी वर्षभर एका मुलाच्या बाटलीतलं पाणी वरून पिते, आणि ज्या दिवशी ती बाटलीला तोंड लावते त्या दिवशी पुस्तक संपतं. दुसऱ्या एकात झेरॉक्सच्या दुकानात स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना मुलाच्या खिशात मुलीच्या पेनाचं टोपण चुकून जातं, आणि ते परत करायला त्याला अख्खं पुस्तक लागतं. चाळिशी ओलांडलेली मी बाई, रोज लोकांच्या शिरा शोधून रक्त काढते, कशानं म्हणून बिचकत नाही. पण ते बाटलीचं पान वाचताना माझे कान तापले. एवढ्याशा गोष्टीचं ती काय करते ते मला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून आणखी चिडचिड होते.

तिची लिहायची रीत आमच्या भुलाबाईतून आली आहे. आपल्यातल्या इकडे वाढलेल्या पोरींना भुलाबाई ठाऊक नाही, म्हणून सांगते. भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई मांडायची ती थेट कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरींनी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणायची आणि शेवटी त्या घरचा झाकलेला खाऊ ओळखायचा. डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट ते विचारायचं, आणि "हरलो" म्हटल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. ज्या घरचा खाऊ झटक्यात ओळखला त्या घरच्या मुलीचं नाक कापलं गेलंच म्हणून समजा. नंदा आजही तेच करते. माप द्यायला आलेल्या मुलींना ती नवं प्रकरण अर्धं सांगते आणि म्हणते, "ओळखा, फुढं काय?" पहिल्याच फटक्यात कुणी ओळखलं तर ते प्रकरण बाद. सगळ्या हरल्या तरच ती ते वहीत उतरवते.

तेव्हाही तिचा खाऊ कुणाला ओळखता येत नसे. माझी आई दिवसभर खपून शंकरपाळे करी आणि पोरी डबा हलवायच्या आत सांगून मोकळ्या होत. नंदाच्या आईला मळ्यातून यायलाच दिवस मावळे, म्हणून खाऊचं नंदा स्वतःच बघे. घरात असेल ते, पण डब्यात असं फडकं गुंडाळून ठेवी की आवाजच फसवा यावा. अख्खी गल्ली हरायची आणि ही मधोमध उभी राहून गालातल्या गालात हसायची. नववीत असताना तिनं मला विश्वासानं सांगितलं, आज भाजलेले चिंचोके आहेत, गुळात घोळलेले. मी घरी पोहोचेपर्यंत चौघींना सांगून बसले. का, तर तिचं ते हसणं मला एकदा बंद पडलेलं बघायचं होतं, दुसरं काही नाही. संध्याकाळी गाणी झाली, तिनं डबा पुढे केला, आणि पहिल्याच मुलीनं हात न लावता सांगितलं, "चिंचोके. गुळातले." नंदानं माझ्याकडे पाहिलं. झाकण उघडून तिनं सगळ्यांना मूठमूठ वाटलं, मलाही वाटलं. त्यानंतरही ती माझ्याशी पहिल्यासारखीच वागली, फक्त कुठलीही गोष्ट आधी सांगायची बंद झाली.

पुण्यात मी आईचं तंतोतंत ऐकलं. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात 'मले' म्हणाले आणि खोलीतल्या तिघी हसल्या, तेव्हापासून तोंड उघडायच्या आधी मी प्रत्येक वाक्य मनात एकदा धुऊन घेऊ लागले. पुढे लॅबची नोकरी, लग्न, ईएमआयचा फ्लॅट, दोन शिफ्ट, मुक्ता. नंदाचे फोन सुरुवातीला येत. मी "नंतर करते" म्हणायची आणि नंतर काही यायचा नाही. तिच्याशी बोलताना जीभ लगेच घसरायची आणि शेजारी कुणी ऐकेल याची मला धास्ती वाटायची. आई-बाबा गेले, भाऊ अमरावतीला स्थायिक झाला, घर विकलं. आता वर्षातून एकदा शेगावला दर्शन घेतो आणि तिथूनच परत फिरतो. कुणी गाव विचारलं तर मी "शेगावजवळ" म्हणते. जवळ म्हणजे कुठे, हे कुणी विचारत नाही.

नंदाचं पहिलं पुस्तक मुक्तानंच लायब्ररीतून आणलं. मी सहज उघडलं तर पहिल्या पानावर आमचा स्टँड, अडीचची गाडी, पंचवाला कंडक्टर, केळीवाली म्हातारी. आईच्या चपलेची पिनसुद्धा. मी बोटानं ओळ ओळ करत माझ्या खिडकीपर्यंत आले, आणि तिथं कोण बसलं होतं? शेळ्यांचा व्यापारी. पान खाऊन बाहेर थुंकत होता. मग मी तिची सातही पुस्तकं पोलीस घराची झडती घेतात तशी वाचली. आमचे गणिताचे सर सापडले, दवाखान्यातला कंपाउंडर सापडला, आमच्या गल्लीतलं लंगडं कुत्रं चक्क दोन पुस्तकांत आहे. दहा-बारा वर्षं तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली अर्चना कुठेच नाही. कुत्र्याएवढीही माझी किंमत नसावी? कारण मला माहीत होतं. चिंचोके.

गप्प राहताही आलं असतं, पण यंदा प्रकरण माझ्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचलं. नंदानं आता ओळखणाऱ्या मुलींचा फोनवर एक ग्रुप केला आहे. ती आवाजात अर्धं प्रकरण पाठवते, पोरी ओळखतात. मुक्तानं तिला 'मी अर्चनाची मुलगी' असं पत्र लिहिलं आणि ती त्या ग्रुपमध्ये शिरली. आता ती ओट्याशी उभी राहून मला म्हणते, "मले भूक लागली व माय." जी बोली मी जिभेवरून घासून घासून काढली ती या बाईनं तिकडे बसल्या बसल्या माझ्या लेकीच्या तोंडात घातली. शाळेत काय झालं ते मला सांगायच्या आधी नंदामावशीला कळतं. दिवाळीच्या सुटीत मुक्ताला जळगाव जामोदला जायचं आहे, आणि तेही माझ्याबरोबर नाही, मावशीकडे. मी गेली पाच वर्षं शेगावला दर्शनाला तरी चल म्हणतेय तर "तिथं काय आहे?" म्हणणारी हीच पोरगी. माझं गाव माझ्या मुलीला द्यायचं तर मी द्यायला हवं होतं. ते नंदानं दिलं, आणि माझी लेक बदल्यात नेली, असं मला वाटायला लागलं.

परिचय लिहायचा म्हणून मी मुक्ताला विचारलं, आठव्या पुस्तकाचा शेवट काय आहे? ती म्हणाली, "सांगायचं नाही असं ठरलंय, आई." मी लाडीगोडी लावली, रागावले, पण ती ढिम्म. रविवारी सकाळी ती अंघोळीला गेली आणि तिचा फोन टेबलावर चार्जिंगला होता. पासवर्ड मला माहीत आहे. मी ग्रुप उघडला आणि शेवटच्या निरोपावर बोट ठेवलं. "ऐका व पोरीहो," एवढंच ऐकू आलं. मी झटकन बंद केलं. शेवट ऐकायची हिंमत नव्हती असं नाही. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, आणि तो जराही बदलला नव्हता. मग ग्रुपवरचा तिचा नंबर माझ्या फोनवर घेऊन मी बाल्कनीत गेले आणि लावला.

"नमस्कार, मी पुण्याहून अर्चना बोलतेय," मी माझ्या लॅबच्या आवाजात म्हणाले.

"कोन? अर्ची?" पलीकडे शिलाई मशीन थांबलं. "काऊन व, आज कशी आठोन आली?"

मी परिचयाचं निमित्त सांगितलं. तिनं जन्मगाव, शिक्षण वगैरे सांगितलं, जणू ते मला माहीतच नव्हतं. मग माझ्याच्यानं राहवेना. मी विचारलं, नंदे, तुझ्या पुस्तकांत सगळं गाव आहे, मी का नाही? त्या चिंचोक्यांचा राग अजून आहे का?

ती हसली. "चिंचोक्यावर कोनी एवढी वर्सं रुसते का? ते मी कवाच इसरली." मग म्हणाली, "राग हाय, पन त्याचा नाई. तू गेली त्याचा हाय. गाडी वळली अन् तुयं फुढं काय झालं, मले कायी मालूम नाई. तुले तिकडं काय काय भेटलं असन, या इचारानं मी लय जळली. सात बुकं लिवले, सातही पोरी गावातच राह्यल्या. जानारी पोरगी मले लिवताच नाई आली. पयले तुलेच बसवलं होतं त्या खिडकीत. पन गाडी वळली की माही वही कोरी. मंग देल्ला व्यापारी बसवून. तो संध्याकाळी वापस येते."

"मग मला विचारायचं," मी म्हणाले.

"तू फोन उचलत होती का?"

इतकी वर्षं मी तिच्यावर जळत होते आणि तिकडे ती माझ्यावर, आणि दोघींपैकी कुणाच्याही पदरात काही पडलं नव्हतं.

"आता सांग," ती म्हणाली. "आठव्या बुकातली पोरगी जाते. तुया मुक्ताले एवढंच मालूम हाय. ती गेल्यावर तिकडं काय होते, ते एकाही पोरीले ओळखता नाई येऊन राह्यलं. अन् खरं सांगू का, मलेही नाई."

मी सांगायला लागले. हॉस्टेलवरच्या त्या तिघींपासून सुरुवात केली. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला माझी जीभ घसरली, आणि मी तिला सावरायला गेले नाही. शेजारच्या बाल्कनीत जोशीकाकू कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी वळून पाहिलं. पाहू दे म्हटलं. दीड तास बोलले. मध्ये एकदा रडलेसुद्धा, त्या दिवशी स्टँडवर राहून गेलेलं सगळं रडले. तिकडे मशीन एकदाही चाललं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "बुक येईपर्यंत हे कोनाले सांगू नको." मी म्हणाले, "नाई सांगत."

तेव्हा तुम्हीही मला विचारू नका. गावात आमचं घर उरलेलं नाही, दार वाजवावं असं एकच ठिकाण आहे, आणि तिथं एक बाई मशीन थांबवून माझं पुढे काय झालं ते ऐकते. मला घर म्हणायला तेवढं चालतं. दिवाळीत मुक्ताबरोबर मीही जाणार आहे, तिला आवडो न आवडो.

बाल्कनीतून आत आले तर मुक्ता ओले केस घेऊन दारातच उभी होती. "मावशीशी बोलत होतीस ना? दीड तास? काय सांगितलंस?"

"सांगायचं नाही असं ठरलंय," मी म्हणाले.

"मावशी तर मला सगळं सांगते," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. तो चेहरा मी ओळखते, आरशात पुष्कळ वर्षं पाहिला आहे. खोटं कशाला बोलू, त्या दिवशीची भाजी मी गुणगुणत केली.