काळ्या पडद्यावरचा रेडिओ

आबांना जाऊन दोन महिने झाले. भेटायला येणारे त्यांच्या शिस्तीबद्दल बोलतात. मला त्यांची कॉम्प्युटरसमोरची बैठक आठवते आणि हसू येतं. सुतकातही आलं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, तारबाबू होते. त्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही शिरूर कासारला, लहानपणी दर सुट्टीत जायचो त्या गावच्या घरी, राहायला आलो. एका मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून मी कॉम्प्युटरवर लिनक्स बसवलं. पण चित्रांचा, खिडक्यांचा भाग काही केल्या चालेना. उरला काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. आबांना तेच पसंत पडलं. "हे बरं हाय. मजकूर हाय, तमाशा न्हाई."

त्याच हिवाळ्यात अमेरिकेतल्या ताईला तिथल्या मराठी मंडळींच्या इंटरनेट रेडिओवर अर्धा तास बोलायला बोलावलं. आपल्याकडे तेव्हा रविवारचे सकाळचे आठ. एरवी ताईचा फोन आला की आबा "बरी हाईस ना? ठेवतो" एवढंच म्हणायचे. पण हा कार्यक्रम त्यांना ऐकायचाच होता. साडेसातलाच इस्त्रीचा सदरा घालून ते खुर्चीत येऊन बसले.

फोनच्या तारेवरून इंटरनेट लागलं. मी रेडिओ वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव आणि पुढे स्टेशनचा लांबलचक पत्ता टाइप केला.

"थांब. आधी वाचून दाखव."

तार सोडण्याआधी मजकूर ताडून बघायचा, हा त्यांचा जन्मभराचा नियम. मी एकेक अक्षर, तिरपी रेघ, टिंब वाचत गेलो. एक टिंब राहिलं होतं.

"बघ! गेली असती की भलत्याच्या घरी."

टिंब दिलं, एंटर दाबलं. थोडी खरखर झाली आणि ताई बोलू लागली. आबा ताठ बसले.

तिसऱ्या मिनिटाला शेजारच्या मावशी दारात. गल्लीत फोन आमचाच. त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले होते, सुनेचे दिवस भरले होते, आणि मुलाचा फोन दर रविवारी आठलाच यायचा. हे मी साफ विसरलो होतो.

"आज फोन वाजंना कावून?"

"लाइन गुंतलीय, मावशी. ताई बोलतीय रेडिओवर."

"मंग तिला म्हणा, दोन मिन्टं थांब."

"तिला आपलं ऐकू येत नाही. ती नुसती बोलते."

"ल्हानपणापासून तशीच हाय ती."

आबांचा कान ताईकडे होता, डोळे मावशींकडे. घड्याळात आठ वाजून तीन मिनिटं.

"अर्जंट तार आधी," ते म्हणाले. "सोड लाइन."

"आबा, पुन्हा लागेलच असं नाही."

"सोड म्हणलं ना."

ताई वाक्याच्या मध्येच बंद पडली. दोन मिनिटांत फोन वाजला. मावशींनी झडप घातली. "झाली का रे मोकळी? न्हाई? मंग?" त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग रिसीव्हरवर हात ठेवून आमच्याकडे वळल्या. "तिला बसवत न्हाई म्हनून सैपाक हाच करतोय. भाकर मोडती म्हनतो."

"गरम पाण्यात मळ म्हणावं पीठ," आबा पडद्याकडे बघत म्हणाले.

मावशी अर्ध्या तासाने उठल्या. पुन्हा जोडणी केली तेव्हा ताई संपून कुणीतरी दुसरंच बोलत होतं.

थोड्या वेळाने ताईचाच फोन आला. मी खरं ते सांगितलं. ती एवढी चिडली की खोलीभर ऐकू आलं, "तीनच मिनिटं? पुढचं सगळं आबांसाठीच होतं!"

आबांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "मंग बोल की आता," ते म्हणाले, "पैल्यापासून."

त्या दिवशी ते फोनवर अर्धा तास होते. मावशी आणखी काहीतरी विचारायला आल्या, तर आबांनी हातानेच त्यांना बसायला सांगितलं.