डावा खांदा

एकाहत्तरची लढाई संपून तीन वर्षं झाली होती. माझं पोस्टिंग दापोडीजवळच्या एका इंजिनिअर युनिटमध्ये होतं. मी हवालदार, ट्रेड नर्सिंग असिस्टंट. सकाळी सहाला पीटी, साडेसातला सिक रिपोर्ट, मग दिवसभर एमआय रूम, म्हणजे युनिटचा छोटा दवाखाना. सिक रिपोर्टला निम्मे पेशंट कबड्डीचेच असत. कुणाचा घोटा, कुणाचं बोट, कुणाचं सोललेलं ढोपर.

कबड्डी मातीवर आणि अनवाणी चालायची. गुडघ्यांसाठी स्टोअरमधून काही मिळत नसे. रेल्वे फाटकापलीकडे राहणारा कांबळे पिंपरीच्या एका कारखान्यात होता. त्याने फोमचे तुकडे आणून दिले आणि त्यातून मी दोन्ही बाजूंच्या मिळून चौदा जणांना पुरतील एवढ्या नीकॅप शिवून घेतल्या. सामन्याआधी माती चाळून खडे काढायचे, प्रत्येकाची नखं तपासायची, अंगठ्या आणि ताईत काढायला लावायचे. ताईत काढताना पोरं कां कूं करत. मी ऐकत नसे. माझ्या फर्स्ट एड पेटीतली कात्री मी डोळे मिटून काढून दिली असती. त्याचा मला ताठाही होता, हे कबूल करतो.

त्या रविवारी पिंपरीच्या कामगारांच्या टीमशी सामना होता. चार वाजता शिट्टी झाली. आमचा हुकमी गडी लान्स नायक दगडू शेलार, मावळातला. लढाईत त्याने शत्रूचे सुरुंग हाताने उकरून काढले होते आणि अंगावर ओरखडाही न येता परतला होता.

चार वीसला शेलार चढाईला गेला. पाच जणांनी त्याला मधल्या रेषेच्या वीतभर अलीकडे धरलं. ढीग झाला. एकाचा गुडघा त्याच्या डाव्या बरगड्यांखाली बसलेला मी पाहिला. गुडघ्यावर माझी नीकॅप होती, म्हणून मनात म्हटलंसुद्धा, बरं झालं.

"दम सुटला. मेला," पंच म्हणाले.

कबड्डीत बाद झालेला गडी मेला म्हणतात. तो बाहेर रांगेत जाऊन बसतो. आपल्या टीमने समोरचा एक मारला की रांगेतला पहिला जिवंत होऊन आत येतो. शेलारच्या पुढे दोघे बसले होते. तो चालत आला आणि त्यांच्या मागे बसला. मी पेटी घेऊन गेलो.

"कुठे लागलं?"

"काय न्हाई साहेब. ह्यो डावा खांदा ठणकतोय. आन् तहान लागलीया."

खांदा फिरवून पाहिला. हाड जागेवर होतं. हात झोळीत बांधायला गेलो तर नको म्हणाला, त्याला अजून खेळायचं होतं. मग खांद्याला मलम चोळलं, कोपर खरचटलं होतं त्यावर टिंक्चर लावलं, दोन घोट पाणी दिलं. माझ्या मते काम चोख झालं. सामना रंगला होता. मी जागेवर जाऊन बघत बसलो.

चार अडतीसला आमच्यांनी तिसरा गडी मारला. टीमचा कॅप्टन ओरडला, "शेलार, जिवंत झालास. ये आत."

शेलार उठला नाही. दुसऱ्या हाकेला तो कुशीवर कलंडला.

तोंड पांढरंफटक, अंग घामाने गार. नाडी बोटाला लागेना. पोटाला हात लावला तर फळीसारखं घट्ट. पोटात रक्त साठलं की डावा खांदा दुखू शकतो, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. परीक्षेत मी ते बरोबर लिहिलंही होतं.

गार्डरूममधून मिलिटरी हॉस्पिटलला फोन लावला.

"अँब्युलन्स पाठवा. पोटात रक्तस्राव. नाडी लागत नाही."

"लागून किती वेळ झाला?"

"अठरा मिनिटं."

पलीकडून आवाज आला, "निघाली."

पाच पाचला तो ऑपरेशन टेबलवर होता. सहाच्या आत गेला. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. अपघात ठरला. मला कुणी दोष दिला नाही. पंधरा दिवसांनी त्याचे वडील त्याच्या सामानाची ट्रंक घ्यायला आले. सुभेदार साहेबांनी मला बजावलं होतं, जास्त बोलू नकोस.

म्हातारा ऑफिसबाहेरच्या बाकावर बसला होता. म्हणाला, "लढाईतनं आला आन् खेळताना गेला. गावाला काय सांगू?"

माझ्याने राहवलं नाही. "बाबा, खांदा दुखतोय असं त्याने मला सांगितलं होतं. मी पोटाला हात लावला नाही. लावला असता तर अठरा मिनिटं वाचली असती. कदाचित तोही."

त्याने ट्रंकेची कडी ओढून पाहिली.

"तुमचं काम अजून त्येच हाय न्हवं?"

"हो."

"मंग म्होरल्याला तरी हात लावून बघा."

ट्रंक उचलायला मी पुढे झालो. त्याने मला उचलू दिली नाही.

पेन्शनीत आल्यावर पिंपरीच्या एका कारखान्यात फर्स्ट एडचं काम धरलं. तिथेही कबड्डी आहे. ढिगाखालून उठलेल्या प्रत्येक गड्याची मी नाडी बघतो, पोट चाचपतो. "काका, गुदगुल्या होतात," म्हणून पोरं हसतात.

युनिटच्या स्मारकावर लढाईत गेलेल्यांची नावं आहेत. लान्स नायक दगडू शेलारचं नाही. तो माझ्यापासून दहा पावलांवर बसून मरत होता, आणि मी सामना बघत होतो.