नऊ वर्षांच्या मुलीची साक्ष

तेरवीच्या पंगतीत काका सगळ्यांसमोर म्हणाले, "पोट्टी गुणाची होती. घराची मान तिनं कधी खाली नाही होऊ देली." मी वरण वाढत होते. भांडं तिथंच ठेवलं आणि आत निघून गेले. ताईला जाऊन आता दीड महिना झाला, पण तो संताप काही उतरत नाही...

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. इथे रायपूरला शाळेत हिंदी शिकवायची आणि घरी मराठीत कथा लिहायची. नागपूरच्या दिवाळी अंकांत त्या छापूनही यायच्या. एक कथा मात्र कधीच आली नाही. त्या कथेत एका नऊ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांदेखत तिचा काका भाजीवालीला स्कूटरनं उडवतो आणि न थांबता निघून जातो. पोलीस दारात येतात, तेव्हा बाबा तिला बजावतात, काका घरीच होता म्हण. मुलगी ऐकत नाही. खरं सांगून टाकते.

आमच्या घरात ती मुलगी ताई होती, आणि ती खोटं बोलली होती. भाजीवालीचा पाय कायमचा अधू झाला. तरी ती आमच्या ब्राह्मणपारा वस्तीत, तिला उडवलं त्याच वळणावर बसायची आणि ताई दिसली की हाक मारायची, "कइसे हस, नोनी?" 'कशी आहेस, पोरी' ही हाक चुकवायला ताई बूढ़ातालाबवरून वळसा घालून शाळेत जायची. घरच्यांना वाटायचं, पोरीला तळ्याची हवा आवडते!

निवृत्त झाली त्या वर्षी तिनं ती कथा मला वाचून दाखवली. मी काय म्हणावं? "ताई, काका आहेत तोवर नको छापू. नातींची लग्नं व्हायची आहेत त्यांच्या."

"तूबी बाबांसारखीच बोलून राहिली," ती म्हणाली. "काहून गं, तवा मले कोणी विचारलं का, का तुले काय वाटते म्हणून?"

आता काका नव्वदीला टेकलेत, ठणठणीत आहेत, आणि ताईच गेली. तेरवीची पंगत उठल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. विचारलं, "काका, ती भाजीवाली आठवते?"

"कोणती?" ते म्हणाले, आणि सुपारी मागितली.

हा लेख ते वाचतील. वाचू देत.

कथेची फाइल मी आणली आहे. सगळी पानं शाईची, शेवटचं तेवढं पेन्सिलीचं. पोलीस विचारतो, "बेटा, चाचा कहाँ थे?" त्याखाली ताईनं इतक्यांदा लिहून खोडलंय की कागद पार झिजलाय, उत्तरच उरलेलं नाही. तिनं वाचून दाखवलेलं त्या मुलीचं खरं उत्तर मला पाठ होतं. काल पेन घेऊन मी ते तिथं लिहिलं. अक्षर माझं आलं, तिचं नाही...