मशीनला ढ म्हणता येईना

१९९७ साल. मी बासष्ट वर्षांचा होतो. भूत-प्रेत, अंगात येणं, उतारे — या सगळ्याला मी थोतांड म्हणत आलो, आजही म्हणतो. शाळा चौथीपर्यंत, तीपण रडतखडत. पण म्हणून मला कुणी खुळा समजू नये. घडलं ते लिहितो. पटलं तर घ्या, नाहीतर सोडा.

पारोळ्यात आमचं दोर-पत्र्याचं दुकान. माझं आणि धाकट्या भावाचं, नानाचं. नाना गेला आणि दुकानाची त्याची बाजू रिकामी पडली. त्याची पोर मंगल पुण्याहून कॉम्प्युटर शिकून आली. तिला म्हटलं, बस बापाच्या जागेवर. धुळ्याच्या हुसेनभाईंच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यासाठी ती प्रोग्रॅम बनवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बघायला येणार होते. पसंत पडला तर पोर इथं राहणार, नाही पडला तर पुण्याला नोकरी धरणार... म्हणजे नानाची बाजू कायमची गेली.

दुपारी तिनं मला पडदा दाखवला. वरती नावांची पट्टी, तिला मेनू म्हणतात. सौदा, वजन, पावती, आणि शेवटी — बंद.

माझं डोकंच फिरलं. "दुकानात बसून बंद लिहितेस? दुकान कधी बंद करतात का? वाढवतात! वाढवा लिही."

"आबा, वाढवा लिहिलं तर हुसेनभाईंना वाटेल, अक्षर मोठं होतं."

"वाटू दे!"

"तुम्ही तुमचे दोर मोजा, आबा."

पोरीची जीभ बापापेक्षा तिखट. मी आतून पेटलो होतो.

तिनं तपासणीचा एक वेगळा प्रोग्रॅम केला होता. कुणी हात लावायचा नाही, बाण आपोआप फिरतो, नाव वाचून एकेक मेनू उघडतो. नाव जुळलं नाही की थांबतो आणि तिथं काय दिसलं ते लिहून दाखवतो. तिनं तो सुरू केला. सौदा उघडला, वजन उघडलं, पावती उघडली. शेवटी अडला. चौकट आली —

'बंद' सापडलं नाही. दिसलं: 'वाडवा'.

वरच्या पट्टीवर तर बंदच होतं! दोघं डोळे फाडून बघत होतो.

मंगल लालबुंद झाली. "आबा, माझ्या मेलेल्या बापाची नक्कल करता?"

नानाला ढ म्हणता येत नसे. शाळेत मास्तर त्यालाच ढ म्हणायचे, आणि तो म्हणायचा "मी ड नाही." जन्मभर दिवेलागणीला आमच्या बोलीत त्याची एकच हाक — "आबा, आते दुकान वाडवा!" जन्मभर मी ओरडलो, वाढवा म्हण, वाढवा! ऐकलं नाही.

"मला त्या बटणांच्या पाटीवरचा क सापडत नाही, मी कसली नक्कल करू?" मी गरजलो. "आणि मी केलं असतं तर ढ नीट लिहिला असता! आता तरी ऐक, वाढवा लिही."

तिनं दात-ओठ खात मेनूत आणि तपासणीत, दोन्हीकडं 'वाढवा' लिहिलं. पुन्हा बाण फिरला, पुन्हा शेवटी अडला.

'वाढवा' सापडलं नाही. दिसलं: 'वाडवा'.

पोर मशीनसमोर डोकं धरून बसली. "उद्या काय दाखवू? मी सामान बांधते."

मी सरळ नानाच्या फोटोसमोर गेलो. "जिवंतपणी ऐकलं नाहीस, आता पोरीचं काम अडवतोस? तिला घालवायचीय का इथून? गाढवा! लिही तुला काय लिहायचं ते!"

मागून कळफलकाचा आवाज आला. मंगलनं दोन्हीकडं 'वाडवा' लिहिलं होतं. बाण फिरला... सौदा, वजन, पावती, वाडवा. पहिल्या फेरीत पार.

पुढं जळगावच्या एका शिकलेल्या माणसानं सांगितलं, फॉन्टचा घोळ असेल. असेल बुवा. पण फॉन्टला माझ्या भावाची जीभ कशी ठाऊक?

दुसऱ्या दिवशी सकाळी हुसेनभाई आले. सगळं बघितलं, मान डोलावली, मग शेवटच्या नावावर बोट ठेवलं. "आबा, इथं ढ पाहिजे ना? चुकलं वाटतं."

मंगल माझ्याकडं बघायला लागली.

"काही चुकलं नाही," मी म्हणालो. "या दुकानात असंच म्हणतात."

हुसेनभाई हसले. "मग वाडवा," म्हणाले, आणि बटण दाबलं. "बेटा, जिनिंगवर कधी बसवून देतेस?"

मी चहा सांगितला आणि फोटोकडं पाठ करून बसलो. राग गेला नव्हता.