चाचांचं नाचरं अक्षर

धुळ्यात एका फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइनचं काम करते. आमच्या गल्लीतले पेंटरचाचा सत्तरीचे. बाजारातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. फ्लेक्स आले आणि त्यांच्याकडे गाड्यांचे नंबर रंगवणं तेवढं उरलं. पण अक्षर असं, की जागेवर उभं राहतच नसे. वेलांटी फेट्याच्या शेमल्यासारखी उडायची. या अक्षराचा कॉम्प्युटरसाठी फॉन्ट करायचाच, असं माझ्या मनानं घेतलं.

चाचांनी आधी उडवून लावलं. "अक्षरं काय साच्यात घालून काढतात, बेटा? विटा आहेत का त्या?" दुसऱ्या दिवशी मात्र ब्रश धुऊन हजर!

मी कोरे कागद दिले आणि क, ख, ग सुटे काढायला सांगितले. आली ती अक्षरं शाळा तपासणीला उभी केल्यासारखी ताठ. चाचाही खट्टू झाले. म्हणाले, "उभ्या जन्मात मी सुटा क काढलेला नाही. मला दुकान सांग."

मग आम्ही दुकानंच काढत सुटलो. झसाठी 'झकास झाडू भांडार', ळसाठी 'जळगावी केळीवाला', ढसाठी 'ढेकर भोजनालय'. ब्रश पुन्हा नाचायला लागला. चाचा दुकानाचा मालकही रंगवून सांगायचे. ढेकरवाला म्हणे स्वतः उपाशीच झोपतो. गाडी अडली ती ङपाशी. बराच वेळ डोकं खाजवून ते म्हणाले, "याचं दुकान आजवर कुणी काढलंच नाही. बिचारा!" आणि सगळ्यात देखणा त्यालाच काढला.

जोडाक्षरांसकट सगळं बसवायला मला चार महिने लागले. फॉन्ट मोठ्या अक्षरांतच शोभायचा. त्यात एक सरकारी पत्र टाइप करून पाहिलं, तर साहेब वाकुल्या दाखवतायत असं वाटलं. चाचांची तक्रार एकच, "एका ओळीत दोन र हुबेहूब? हे माझं नाही." म्हणून मी 'र'चे तीन प्रकार केले. मग त्यांना विचारून फॉन्ट इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला.

गेल्या हिवाळ्यात शिरपूरजवळ एका शाळेची भिंत रंगवायचं काम चाचांना मिळालं. मीही सोबत गेले. बसमधून उतरलो तर समोर भज्यांची गाडी, आणि तिच्यावरचा फ्लेक्स चाचांच्या अक्षरात!

"ही मी कधी रंगवली?" चाचा थबकले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसतच सुटले. गाडीवाल्या नानांना म्हणाले, "हे माझं अक्षर."

नाना झारा न थांबवता अहिराणीत म्हणाले, "नही हो, हाई ते कॉम्प्युटरनं शे."

चाचांनी पिशवीतून ब्रश आणि रंगाचा डबा काढला आणि गाडीच्या पत्र्यावर सरळ 'भजी' लिहिलं. नानांनी वर पाहिलं, खाली पाहिलं.

"बठ्ठं तसंच शे!" मग म्हणाले, "आते मिरचीभी लिखी द्या."

मिरची झाली, चहा झाला, पोहे झाले. शाळेत आम्ही तासभर उशिरा पोहोचलो. बाई दारातच उभ्या होत्या. चाचांनी भज्यांचा गरम पुडा त्यांच्या हातात दिला आणि भिंत कुठली, ते विचारलं.