शंभर भाकरींची समीक्षा

धुळ्याच्या कॉलेजात मी तेव्हा तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचो, म्हणजे परमनंट सोडून सगळं काही होतो. पीएच.डी. झाली तरच नोकरी पक्की. म्हणून धरणगावला जाऊन आईनं स्वतः रचलेल्या ओव्या तिच्या तोंडून उतरवून आणल्या आणि त्यांना सिद्धांत लावायला बसलो. त्यात एक ओळ होती, ‘घरमा भाकर एक शे, भुक्या बठ्ठा.’ घरात भाकरी एक आहे, भुकेले सगळे.

टायपिंगला जळगावात दिलं. टायपिंगवाला घरी आमच्यासारखंच ‘आहे’ला ‘शे’ म्हणत असणार, पण दुकानात बसला की त्याच्या अंगात शुद्धलेखन यायचं. त्यानं ‘एक शे’ जोडून ‘एकशे’ केलं. झाल्या की शंभर भाकरी.

गाईड सर पडले पुण्याचे, ते बेहद्द खूश. मार्क्सवादी प्रकरणात या भाकरी सरंजामी घरातलं अतिरिक्त उत्पादन ठरल्या. स्त्रीवादी प्रकरणात त्या थापणाऱ्या हातांचं शोषण झालं. मानसशास्त्रीय प्रकरणाचं तर विचारूच नका, तिथे भाकरीचा गोल आकारसुद्धा सुटला नाही. चूक मला पहिल्याच दिवशी दिसली होती. पण एका भाकरीवर तीन प्रकरणं कशी निघणार? लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू, पण नोकरी त्याहून जास्त हवी होती. प्रबंध तसाच सादर केला.

व्हायवाला आई आली. पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन दुसऱ्या रांगेत बसली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, या शंभर भाकरी नेमक्या कोणासाठी? मी तोंड उघडायच्या आत आई उभी राहिली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली,

“शंभर नही, साहेब. एकच व्हती. तीबी यानीच खादी.”

सर लगेच सावरले. कलाकृती जन्मली की लेखक मरतो, त्याच्या म्हणण्याला संहितेत जागा नाही, असं त्यांनी परीक्षकांना समजावलं. मेलेली लेखिका बॉक्स धरून समोरच उभी होती. परीक्षकांनी मान डोलावली आणि माझं मत विचारलं.

“सर म्हणतात ते बरोबर आहे,” मी म्हणालो.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगा पास झाला, एवढं आईला कळलं. ती खाली बसली आणि बॉक्सचा दोरा सोडायला लागली.